पंखा नसलेल्या पेटीची व्यवस्था

मी, जवाहर भूपाल मगदूम, वय ७४, राहणार समडोळी, जि. सांगली, चाळीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून खाल्लेला माणूस, हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणण्याइतका वेळ माझ्या घरात कुणाला नाही.

१. घर आणि मळ्यातली दीड एकर पत्नी गुणमाला हयात असेपर्यंत तिची. तिच्या पश्चात मुलगा आर्जव याची, पण कलम ५ पाळले तरच.

२. मुलगी ब्राह्मी हिने नऊ वर्षांपूर्वी जैन साध्वीची दीक्षा घेतली. आता तिला मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू यांपलीकडे काही चालत नाही, म्हणून वाटणीत तिचे नाव नाही. रागाने वगळली असे म्हणू नये. राग होता, तो मी गिळला. तिचे लहानपण मी कॅमेऱ्यात घेतलेले आहे. तेवढेच आमच्याकडे राहिले, आणि गुणमाला रोज दुपारी अर्धा तास ते बघते.

३. ते दाखवणाऱ्या यंत्राबद्दल. आर्जव बियाण्यांचे दुकान चालवतो, पण अक्कल सगळ्याच विषयांत वाटतो. सांगलीच्या एका दीडशहाण्या दुकानदाराचे ऐकून त्याने तिजोरीएवढा कॉम्प्युटर आणला. तीन पंखे, लाल-हिरवे दिवे. ट्रॅक्टर चालवायचा होता की व्हिडिओ? लाइट गेली की इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकायचा. त्यात पावसाळा. दिव्यांवर किडे आले, पंख्यांनी आत ओढले. मी झाकण उघडले तर ओंजळभर मेलेले किडे. गुणमालाने त्या दिवशी उपवास धरला. आर्जवने काय करावे? पाणी गाळायचे दुहेरी फडके धुऊन पंख्यांवर बांधले! जीव वाचले, कॉम्प्युटर भाजून मेला. वर मलाच म्हणतो, "आण्णा, माल डुप्लिकेट निघाला."

मग मी निवड केली. टीव्हीच्या मागे खोचायची कांडी बघितली, तिला जुन्या कॅमेऱ्याच्या फायली उघडेनात. पत्त्याच्या पानाएवढा, कॉम्प्युटरचाच उघडा बोर्ड आणला, तो चालता चालता अडकायचा. शेवटी एका हापिसाने भंगारात काढलेली तळहाताएवढी कॉम्प्युटरची पेटी मिळाली. पंखा नाही, दिवा नाही, अंगच ॲल्युमिनियमचे, उष्णता तिथूनच जाते. मीटर लावून मोजले: नऊ वॅट. इन्व्हर्टरवर दुपार निघते. आर्जव हसला, "एवढ्याशा डबीत काय असणार?" दोन वर्षे झाली, डबी एकदाही बंद पडलेली नाही. ती गुणमालाची.

४. जळालेला कॉम्प्युटर आर्जवला, फडक्यासकट. माझे मल्टीमीटर आणि सोल्डरिंगचे सामान दुरुस्तीच्या धंद्यातले माझे सोबती नाथाजी माने यांना. त्यांना ते वापरता येते. घरात कुणाला येत नाही.

५. आता खरे लिहितो. मला भीती वाटते. गुणमाला दुपारी "आवं, लावा की" म्हणून हाक मारते आणि मी पेटी चालू करतो. मी गेल्यावर पडदा काळाच राहील आणि ती कुणाला सांगायची नाही. ती कधीच काही सांगत नाही. म्हणून आर्जवने रोज दुपारी दुकान बंद करून येऊन पेटी चालू करून द्यावी. एक दिवस चुकला तरी घर व जमीन गावच्या जैन पाठशाळेला जाईल.

सह्यांपूर्वी साक्षीदार बाळासो चौगुले यांनी वरील मजकूर मोठ्याने वाचला. गुणमाला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं, मला येतंय की लावाया. बटण एकच तर हाय. तुमी जवळ येऊन बसावं म्हणून हाक मारत हुते."

मी बाळासोंच्या हातून कागद परत घेतला. बाळासो खिडकीबाहेर बघत बसले.

सबब कलम ५ रद्द, घर व जमीन बिनशर्त. त्याऐवजी एवढेच: आर्जव, पेटीला हात लावू नकोस. दुपारी आईजवळ अर्धा तास बस. काही समजावून सांगू नकोस.

साक्षीदार: १) बाळासो चौगुले २) उदयसिंह पाटील

सही: जवाहर भूपाल मगदूम
समडोळी, १४ सप्टेंबर २०२४