तीन ठोके, दोन ठोके

मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज फ्रेंचच्या ऑनलाइन क्लासमध्ये मी ‘फोर्मिदाब्ल’ शिकवत होते. म्हणजे जबरदस्त. तीन तुकडे, फोर्-मि-दाब्ल, आणि प्रत्येक तुकड्याला टेबलावर एक ठोका. तरी सगळे विद्यार्थी इंग्रजीसारखं ‘फॉर्मिडेबल’च म्हणत होते. वैतागले होते मी.

ठोक्यांची युक्ती धंतोलीच्या स्पीच थेरपिस्टबाईंची. लकवा मारल्यापासून बाबांची वाचा गेली आहे. बाई ठोके देऊन त्यांच्याकडून ‘पा-णी’, ‘सु-धा’ म्हणवून घेऊ बघतात. सुधा म्हणजे मी. बाबा नुसते बघत राहतात.

आज क्लास चालू असताना मागून बाबांच्या पलंगाच्या दांड्यावर तीन ठोके ऐकू आले. मग जाड आवाज, “फोर्... मि... दाब्ल.”

माझा हात टेबलावरच राहिला. क्लासमधली कळमेश्वरची पोरगी म्हणाली, “मॅडम, हे कोण बोलून राह्यलं? यांचं तर बरोबर आलं ना!”

“माझे बाबा.” एवढंच बोलले.

जन्मात कधी न ऐकलेला शब्द येतो, मग सुधा काहून नाही? खरं सांगायचं तर रागच आला. वरणभात भरवताना ताटाच्या काठावर चमच्याने दोन ठोके दिले, सु-धा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने ठोके दिले. शब्द आला नाही.

पण ठोके दोनच दिले. तीन नाही.