यंदा किल्ल्या आल्या नाहीत

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरणार, म्हणून आधीच सांगते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. गोळ्या वेळेवर घेते. आता फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. तर फोनवर तू मध्येच 'हो गं आई, कळलं' म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं. शिवाय जे सांगायचंय ते लांबलचक आहे, आणि मला ते अगदी पहिल्यापासून सांगायचंय. तेव्हा चहा घेऊन बस.

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की आपली इमारत कशी ओस पडते ते तुला ठाऊक आहे. शाळा बंद झाल्या रे झाल्या की जिन्यात सामानाची आदळआपट सुरू होते. मग एकेक जण आपल्या दाराशी येतो, 'काकू, तेवढं बघा हं' म्हणतो आणि किल्ली हातात ठेवून पळतो. कोणाच्या कुंड्यांना पाणी, कोणाच्या दारातली वर्तमानपत्रं, कोणाचा फ्रिज बंद की चालू. तुझ्या बाबांनी त्यासाठी स्वयंपाकघराच्या दारामागे फळी ठोकली आणि तिला आकडे लावले. किल्ल्यांना रंगीत दोरे बांधायचं काम तुझं होतं. समोरच्या दाताच्या डॉक्टरणीला तू पांढरा दोरा ठरवलास आणि तळमजल्यावरच्या सेक्रेटरी भाऊजींना लाल, कारण ते सारखे चिडायचे. बाबा गेल्यावर पहिल्या सुट्टीत मला वाटलं होतं, आता कोण देतंय एकट्या बाईकडे किल्ल्या. तर त्या वर्षी आकडे कमी पडले. सकाळी घराघरांतून फिरून यायला दोन तास लागायचे आणि तेवढा वेळ मला घरी रडायला मिळायचा नाही.

या वर्षी फळीवर एकही किल्ली नाही.

आधी वाटलं, लोक उशिरा निघताहेत. मग एका सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तर खाली डॉक्टरीण, तिचा नवरा आणि पोरं गाडीत सामान भरताना दिसली. मी वरून हात केला. तिनंही केला, 'येते हं काकू' असं ओरडली, आणि पर्स छातीशी धरून अशी लगबगीनं गाडीत शिरली की जणू मी वरून उडीच मारणार होते. समोरासमोर दारं, आणि जाताना बेल वाजवली नाही. ठकू, मी अख्खी नोकरी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. चादरींचा गठ्ठा कमी भरला की कोणाच्या चालण्यात फरक पडलाय ते मला लांबून कळायचं. त्या बाईच्या चालण्यात फरक होता.

मग काय, एकदा पाल चुकचुकली की ती थांबते थोडीच. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की कोणाच्या तरी घरातून काहीतरी गेलंय आणि माझ्यावर संशय आहे. मागच्या सुट्टीत मी कोणाच्या घरात काय केलं ते सगळं आठवून पाहिलं. डॉक्टरणीचा एक मासा मेला होता खरा, पण तो म्हातारा होऊन मेला, मी तिला लगेच कळवलंही होतं, आणि माशासाठी कोणी माणसं तोडत नाही. मग वाटलं, कोणाची अंगठी सापडत नसेल, कोणाचं घड्याळ. या वयात, या जिन्यात, जिथे तुझे दात पडले आणि उगवले, तिथे लोक मला चोर म्हणताहेत, या विचारानं मला अन्न गोड लागेना. कोणी तोंडावर म्हणालं असतं तर मी भांडले असते. भांडण मला जमतं, तुला माहीत आहे. न बोलणाऱ्या माणसांचं काय करायचं ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

आणि मागे राहिलेले सगळेच न बोलणारे झाले. लिफ्टमध्ये शिरले की बोलणं बंद, सगळ्यांचे डोळे मजल्यांच्या आकड्यांवर. सोसायटीचं जेवण असतं ना, सगळे परतल्यावर नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी गच्चीवर, त्याच्या बैठका कमिटीनं सुरू केल्या त्या मला वगळून. इतकी वर्षं खुर्च्या मोजून घेणं, टेबलं लावणं आणि कोणाशेजारी कोणाला बसवायचं नाही हे ठरवणं माझ्याकडे होतं. शेवटलं काम सगळ्यात अवघड, ते माझ्याशिवाय कोणाला येत नाही. मी आपणहून भाऊजींच्या दाराशी गेले. आत बोलण्याचा नुसता कल्लोळ. बेल वाजवली आणि कोणीतरी एकदम टीव्ही लावला. भाऊजी दार अर्धंच उघडून उभे राहिले आणि म्हणाले, 'वहिनी, तुम्ही यंदा काही करायचं नाही, नुसतं यायचं.' ज्या माणसानं उभ्या जन्मात कोणाला फुकट काही दिलं नाही, तो मला आराम देत होता! कुठंतरी पाणी मुरतंय, याबद्दल मला तेव्हा शंका उरली नाही.

पाण्यावरून आठवलं. त्याच आठवड्यात भाऊजी एका जोडप्याला घेऊन आपल्याकडे आले. म्हणाले, वरच्या मजल्यावरून ओल उतरतेय, हे लोक भिंती बघतील. बघू देत म्हटलं. नवरा भिंतीकडे बघतच नव्हता, खोल्यांची लांबी पावलांनी मोजत होता. बायको तुझ्या खोलीच्या खिडकीपाशी उभी राहिली आणि मला विचारते, 'इथे दुपारी ऊन येतं का हो?' ओल बघायला आलेल्या माणसांना उन्हाशी काय करायचंय गं? जाताना तिनं ओट्यावरून हात फिरवला, दुकानातल्या वस्तूवरून फिरवतात तसा. मी भाऊजींकडे बघितलं तर ते बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या पायात चपला होत्या.

तेव्हा माझा संशय चोरीवरून उडाला आणि भाऊजींवर बसला. मला वाटलं, एकटी बाई, मुलगी लांब, हा माणूस कोणाला तरी आपलं घर मिळवून देणार आणि मधल्यामध्ये आपली पोळी भाजून घेणार. आधी मला एकटं पाडायचं, इमारतीत नकोशी करायची, मग म्हणायचं, वहिनी, कशाला राहता इथे. मी दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली. तुला फोनवर हे सांगणार होते. पण त्या दिवशी तूच मला विचारत बसलीस, पुस्तकांचं कपाट किती उंच आहे, पलंगाचे पाय सुटतात का. मी म्हटलं, तुला एकदम कपाटाची उंची कशाला हवी? तू म्हणालीस, 'असंच गं.' लहानपणी कपबशी फोडून लपवलीस तेव्हा तुझा आवाज असाच बारीक झाला होता. माझ्या लक्षात आलं, पण मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही. संशय घ्यायला जगात भाऊजींसारखी माणसं असताना आपल्या लेकीवर कशाला घ्यायचा?

तरी किल्ल्या गेल्या कुठे हा प्रश्न होताच. माणसं गावाला गेली, कुंड्या तर हिरव्यागार दिसत होत्या. मग मी पाळत ठेवली. हसू नकोस. दुधाची पिशवी घ्यायला म्हणून दार किलकिलं करून उभी राहिले, तर वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू, तो दाढीवाला, हातात झारी घेऊन डॉक्टरणीच्या घरातून बाहेर पडला आणि मला बघून त्यानं झारी पाठीमागे लपवली. एवढा उंच पण काटकुळा पुरुष, त्याच्या दोन्ही बाजूंनी झारी दिसत होती. तासाभरानं मी 'बल्ब बदलून देता का' म्हणून त्याच्या दारात हजर. दारामागे नवीन फळी. तिच्यावर सगळी इमारत टांगलेली. पांढरा दोरा, हिरवा, पिवळा, सगळे तू बांधलेले. इतकी वर्षं माझ्या फळीला लटकायचे ते सगळे दोरे त्या पोरसवद्या माणसाच्या दाराला.

मी एकेक दोरा हातात घेऊन बघायला लागले. त्याच्यानं ते सहन होईना. 'काकू, पुढच्या वर्षीपासून मलाच बघायचंय ना, म्हणून यंदा सवय करून घे म्हणाले,' असं म्हणाला आणि जीभ चावली. मी विचारलं, पुढच्या वर्षी मी कुठे असणार आहे? त्याचे कान लाल झाले. गरीब बिचारा, बल्ब बदलायला म्हणून माझ्या आधीच जिन्यात पळाला. बल्ब चांगलाच होता, तरी त्यानं बदलला.

तिथून मी थेट तळमजल्यावर. भाऊजींनी या खेपेला दार पूर्ण उघडलं, कारण मी ते ढकललं. मी म्हटलं, भाऊजी, माझं घर तुम्ही कोणाला दाखवलंत, आणि कोणाच्या परवानगीनं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. 'वहिनी, मी शब्द दिलाय,' एवढंच परत परत. मी तोंडात येईल ते बोलले. घर माझ्या नावावर आहे म्हटलं, तुमच्यासारख्यांना मी नोकरीत असताना स्टोअरच्या पायरीवरसुद्धा उभं केलं नसतं म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिडकं माणूस ते, पण एक शब्द उलटून बोलले नाहीत, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. शेवटी त्यांच्या बायकोला राहवलं नाही. ती आतून आली, मला धरून खुर्चीत बसवलं आणि तिनं सांगितलं.

तुझं नाव निघालं, ठकू. सुट्ट्या संपल्या की आईला कायमची माझ्याकडे नेणार आहे, घराला चांगलं माणूस बघून ठेवा, तिला मात्र इतक्यात कळू देऊ नका, मी वेळ बघून सांगेन, असं तूच त्यांना सांगितलंस. अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, गाडी धुणाऱ्यालासुद्धा. रविवारचं जेवण म्हणजे माझा निरोपसमारंभ आहे म्हणे. सगळ्यांनी मिळून मला चाकांची बॅग घेतलीय, निळी. मी त्यांना काय काय ठरवलं, आणि ती माणसं माझ्यासमोर डोळे भरून येतील म्हणून तोंड चुकवत होती. डॉक्टरीण त्या दिवशी गाडीत बसून रडली म्हणे. तुझ्यावर राग आला, खूप आला, खोटं कशाला सांगू. पण तुझी भीती खोटी नाही हेही मला कळतं. मी न्हाणीघरात पडले तेव्हा तू येऊन माझा हात धरला होतास आणि थरथर माझ्या हाताला नव्हती, तुझ्या होती. तुझ्या घरी माझ्यासाठी खोली आहे, नातीनं तिथे पडदे निवडलेत, हेही ऐकलं. विचारलं असतंस तर कदाचित मी आलेही असते. पण तू विचारलं नाहीस, पोरी. तू ठरवलंस. बाबांनी कधी असं केलं नाही आणि मी तुझ्या बाबतीत कधी केलं नाही, तू लांबच्या गावी नोकरी धरलीस तेव्हासुद्धा. भाऊजींना मी शपथ घातलीय, मला कळलंय हे कोणाला बोलायचं नाही, तुलाही नाही. म्हणून हे पत्र कुरियरनं पाठवतेय, त्या रविवारच्या आधी तुला मिळावं म्हणून. फोन करू नकोस. ये, माझ्यासमोर बस, आणि 'आई, येतेस का?' असं विचार. मी 'नाही' म्हणू शकते हे धरून विचार. मी काय म्हणेन ते अजून माझं मलाही माहीत नाही, पण म्हणायचं मला आहे. तू आली नाहीस तर रविवारी सगळ्यांदेखत ती बॅग माझ्या हातात देतील, आणि मला हसून ती घ्यावी लागेल. ते मला जमणार नाही, ठकू.

अजून याच पत्त्यावर राहणारी,
तुझीच,
आई