चारात एक

पेरुंगुडी, चेन्नई
९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप अप्पांना तुळजाचा नमस्कार.

अम्मानं पाठवलेल्या चकल्या पोचल्या. मुलांनी दोन दिवसांत डबा संपवला. आमच्या इमारतीची लिफ्ट आठवडाभर बंद आहे. तीन मजले चढताना व्यंकू मध्ये दोनदा बसतो. हरिप्रियाला मी कडेवर घेते.

फोन करत नाही, कारण माझा आवाज चढला की तुम्ही मोबाइल अम्माच्या हातात देता आणि ती रडायला लागते. घरच्या बोलीत मला धड भांडता येत नाही, निम्मं तमिळच तोंडात येतं. म्हणून तुम्ही सुट्टीत बसवून शिकवलेल्या पुस्तकी मराठीत लिहिते आहे. हे शेवटपर्यंत तुम्हीच वाचा. अम्माला वाचायला देऊ नका.

मागच्या महिन्यात सुष्मिता अंबत्तूरहून ऑफिस सुटल्यावर इकडे आली होती. लग्नाआधी रक्त तपासून घे म्हटलं, तर हसून म्हणाली, "अप्पा नको म्हणाले. दोघी बहिणींत एकीवर यायचं ते तुझ्यावर आलं, मी सुटले." मी तिच्यावर एवढ्या मोठ्यांदा ओरडले की शेजारची शरण्या दार वाजवून गेली.

कारण हेच तुम्ही मला सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

व्यंकू तेव्हा तीन वर्षांचा होता. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवत होतो, अम्माला अजून थॅलेसेमिया हा शब्दही म्हणता येत नव्हता. डॉक्टर त्रिपुरसुंदरींनी आम्हाला कागदावर चार चौकोन काढून दाखवले होते. दोष माझ्या आणि वेंकटांच्या, दोघांच्याही रक्तात लपलेला. मूल आईकडून एक वाटा घेतं, बापाकडून एक. जोड्या चार होतात, त्यातली एक आजाराची. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा पोटातल्या मुलाची तपासणी करून घेऊ का, असं मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "चारात एक ना? ते एक व्यंकूच्या रूपानं येऊन गेलं. पुढची तीन सुखरूप. तपासणीच्या भानगडीत पडू नकोस."

तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस हे बोलला!

दहावीत तुम्हीच आमच्या वर्गाला होतात. नाणं पाच वेळा उडवलं, पाचही वेळा छापा आला, सहाव्यांदा काटा येण्याची शक्यता किती? मी लिहिलं, निम्म्याहून जास्त. तुम्ही मला सगळ्या वर्गासमोर उभं केलंत. "मागे काय पडलं ते नाणं कुठे लिहून ठेवतं का गं?" पोरं हसली. तुम्ही दोन गुण कापलेत आणि घरी येऊन अम्मालाही सांगितलंत. मग माझ्या पोटातल्या मुलानं तरी आपल्या भावाला काय झालं ते कुठे लिहून ठेवलं होतं, अप्पा? त्याच्यासाठी पुन्हा चारात एकच होतं. पहिल्याइतकंच.

हरिप्रिया आठ महिन्यांची असताना तिचा रिपोर्ट आला. त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, "दोन्ही मुलं तशी निघायची शक्यता सोळात एक होती, तुळजा. कुणाच्या मनात आलं असतं?" हिशोब बरोबर आहे. पण सोळा कधी होते? व्यंकूच्या जन्माआधी. मी विचारलं तेव्हा व्यंकू माझ्या मांडीवर होता. तेव्हा चारच होते.

तुम्हाला गणित येत नव्हतं असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तपासणीत वाईट निघालं तर मी ते मूल ठेवणार नाही, ही तुमची भीती होती. तसं सरळ बोलायचं होतंत. मी भांडले असते, रडले असते, पण निर्णय माझा राहिला असता. देवाचं नाव घेतलं असतं तर मी ऐकलं नसतं हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून गणिताचं नाव घेतलंत.

आता माझंही लिहिते. ते टाळण्यासाठीच एवढा वेळ ओरडले.

तपासणीची चिठ्ठी अकराव्या आठवड्यात माझ्या कपाटात होती. वेंकट रोज विचारायचे, कधी जायचं? मी म्हणायची, अप्पांनी सांगितलंय, गरज नाही. तुमचे शब्द खोटे आहेत हे मला कळत होतं. त्या दोन गुणांमुळे ते उदाहरण मी कधीच विसरले नव्हते. तरी मला तेच उत्तर हवं होतं, आणि ते खरं वाटावं म्हणून तुमच्याकडूनच हवं होतं. हरिप्रिया नसती तर बरं, असं माझ्या हातून लिहून होणार नाही. ती सुईला पाहून हात पाठीमागे लपवते, तेव्हा मी काय विचार करते तेही लिहून होणार नाही.

सुष्मिताला मी स्वतः लॅबमध्ये नेलं. मला हे तुमच्या दोघांपैकी एकाकडून आलं, म्हणजे तिला दोनात एक होतं. परवा रिपोर्ट आला. दोष तिच्याही रक्तात आहे. ती रात्रभर माझ्याजवळ होती. सकाळी तिनंच वेस्ट मांबलमला गिरीधरला फोन करून सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग माझं पण तपासूया." त्याच दिवशी जाऊन आला. आज कळलं, त्याच्यात नाही. त्यांच्या मुलांना हा आजार होणार नाही. लग्न ठरल्या दिवशीच आहे. पण त्यालाही असता, आणि सुष्मितानं तुमचं ऐकलं असतं, तर? हे तुम्ही एकदा बसून मोजा.

मंगळवारी, १९ तारखेला, दोघांना रक्त चढवायचं आहे. वाढदिवसांना तुम्ही येता, या दिवशी एकदाही आला नाहीत. या वेळी या. मला काही समजावू नका. व्यंकू आता नऊ वर्षांचा आहे. "पापालाही का झालं?" असं तो शेजारच्या पलंगावरच्या धाकट्या बहिणीकडे बघून विचारतो. पाच वर्षं मी त्याला काहीबाही सांगते आहे. तो तुम्हाला, त्याच्या ताताला, विचारील. त्याला खरं उत्तर द्या.

तुम्हाला सोडू न शकणारी, आणि अजून माफ न केलेली,
तुमची थोरली
तुळजा