माळावरची चाळ

चिंचवड, १० फेब्रुवारी २०२५

ती. आईस तनुजाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला धीर होईना, म्हणून कागद घेतला. आबांना वाचून दाखव, पण त्यांचं जेवण झाल्यावर.

कोण किती आजारी पडतं आणि का, हे माझं संशोधन तुला ठाऊक आहेच. चाकणच्या एका कंपनीतले कायम आणि कंत्राटी कामगार आम्ही तपासले. काम तेच, पण कंत्राटी माणसांच्या घरांत टीबी चौपट. मग त्यांच्या राहण्याच्या जागा पाहिल्या. यादीत फक्त क्रमांक असतात. सगळ्यांत वाईट निघाली चाळ क्रमांक सतरा. बारापैकी सात खोल्यांत टीबी, आणि खिडकी एकाही खोलीला नाही.

काल मी स्वतः तिथं गेले. रिक्षातून उतरले आणि जागा ओळखली. आई, ती आपली चाळ आहे, माळावरची.

कौशल्याबाई नावाची औशाकडची बाई गेल्या महिन्यात तिथं वारली. वय एकतीस. तिचा नवरा ज्योतीराम मला ओळखत नव्हता. मालक भला माणूस आहे, असं तो सांगत होता. मी कुणाची मुलगी, हे माझ्या तोंडून निघालंच नाही.

माझं पुढचं शिक्षण त्याच भाड्यावर झालं ना गं?

रागावलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
तनू


चाकण, २१ फेब्रुवारी २०२५

चि. तनूला आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र जेवणाआधीच वाचलं, मग जेवण राहिलंच. आबा आधी चिडलं. पोरीला शिकवली ती बापाच्या चुका काढायला व्हय, म्हणालं. मी त्यांना घेऊन माळावर गेले. चाळ बांधून नऊ वर्सं झाली, पण आमी आत पाऊल टाकलं नव्हतं. ज्योतीरामच्या खोलीत दार लावून बसलो. पाच मिनिटांत माझा जीव घाबरा झाला. आबा बाहेर आलं ते भिंत धरून उभं ऱ्हायलं. आपला गोठा यापरीस हवेशीर हाय, येवढंच म्हणालं.

सोमवारी गवंडी लावला. समद्या खोल्यांना खिडक्या पाडतोय. माणसांना तपासायला सरकारी दवाखान्यात न्यायचं काम मी घेतलंय. कौशल्याबाई मात्र गेली ती गेलीच. भाडं द्यायला घरी यायची, पण मला तिचा चेहरासुदिक आठवत न्हाई गं.

पहिली खिडकी ज्योतीरामच्याच खोलीला पाडली. तो शिफ्टवरनं आला आन बघतच ऱ्हायला. आता शिव्या देईल, दिल्या तर ऐकून घ्यायच्या, असं ठरवून आबा उभं होतं. त्यानं हात जोडलं आन हळूच विचारलं, मालक, आता भाडं वाढणार का?

आबा तिथंच विटांच्या ढिगावर बसलं. तवापासनं धड जेवलं न्हाईत. रविवारी येऊन जा. त्यांच्याशी बोल.

तुझी आई,
शालन