डॉसच्या घरचा पत्ता

अहिल्याबाई घाट, वाराणसी
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

प्रिय बकुळ,

सर्वप्रथम माझी गंभीर तक्रार नोंदवून घे. गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "नाना, तुमचं तेच पत्र मला दोनदा आलं, अक्षरन् अक्षर तेच," आणि वर हसलीस. ज्या मुलीला मी लहानपणी मांडीवर घेऊन मीमांसा ऐकवली (तू झोपत होतीस, पण कानांवर तर पडत होतं), तिला एवढं ठाऊक असायला हवं की ग्रंथाचं तात्पर्य ठरवण्याच्या सहा खुणांपैकी अभ्यास, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगणं, ही एक मानाची खूण आहे. जे दोनदा सांगितलं तेच खरं सांगायचं होतं, असं शास्त्र मानतं. मुन्शी घाटावरचा शेंगदाणेवाला वारला नसून सासुरवाडीला गेला होता, हे त्या पत्राचं तात्पर्य होतं. ते तुझ्यापर्यंत दुप्पट बळाने पोचलं, याचा आनंद मानायचा सोडून तू हसतेस! असो. बापाने क्षमा करायची असते.

आता बातमी. तुझा नाना, वय वर्षे सत्तावन्न, व्याकरणाचार्य, याने काल दुपारी चार वाजता आपल्या हातांनी कंपायलर उभा केला. बंगळुरूत तुम्ही लोक पगार घेऊन जे काम करता ते मी गंगेकाठी, शाल पांघरून आणि हरभरे खात केलं. पण सुरुवातीपासून सांगतो, कारण फोनवर मी तुला नुसते प्रश्न विचारले. ही उठाठेव कशासाठी, ते सांगितलं नव्हतं.

तू कॉलेजात असताना लिहिलेला तो 'तिथी' नावाचा प्रोग्राम आपल्या जुन्या डॉसच्या यंत्रावर अजून चालतो. दर महिना संपत आला की मी पुढच्या महिन्याची यादी काढतो. आपल्या गल्लीतल्या आणि आसपासच्या बावन्न मराठी घरांमध्ये कुणाच्या वडिलांची तिथी कधी, कुणाच्या आजीची कधी, ते तुझा प्रोग्राम सांगतो आणि तो जुना प्रिंटर दाढदुखी झाल्यासारखा विव्हळत छापतो. पुण्याहून पंचांग येवो न येवो, लोकांचा तुझ्यावर विश्वास आहे. शेजारची अन्नपूर्णाकाकू तर या यादीला 'बकुळची यादी' म्हणते.

तर या वेळी मार्गशीर्षाची यादी काढली आणि वद्य पंचमीसमोर तुझ्या आईचं नाव आलं. शरदिनी. मी बघतच राहिलो, कारण तिचं श्राद्ध मी चारच दिवसांपूर्वी केलं होतं. वेणीमाधव गुरुजी पुतणीच्या लग्नाला इंदूरला गेले होते, म्हणून दुसऱ्या कुणाला न बोलावता मीच सगळं म्हटलं. पिंड दिले, कावळाही लगेच आला, आणि तुझी आई नेहमीसारखी वेळेवर तृप्त झाली असं समजून मी दुपारी झोपलो. आणि आता हे यंत्र म्हणतं की तिथी पुढच्या महिन्यात आहे! मला राग आला, बकुळ. तिची नोंद तेराव्यानंतर मी स्वतः टाईप केली होती. म्हणजे नोंद बरोबर, मी बरोबर. चुकलं ते गणित. अधिक मासाच्या हिशेबात कुठे तरी तुझा पाय घसरला असणार, असं मी ठरवून टाकलं. यादी वाटायची थांबवली. यादीतली बाकीची नावं मी पाहिलीसुद्धा नाहीत.

प्रोग्रामच्या पोटात शिरायचं तर त्याने हिशेबाची प्रत्येक पायरी छापून दाखवावी, अशा चार ओळी घालायला हव्यात, आणि मग तो पुन्हा कंपाइल करायला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यायला हवा. तुझ्या जुन्या कंपायलरच्या फ्लॉप्यांवर बुरशी धरली आहे. (त्या सापडल्या तांदळाच्या डब्यात. तिथे कुणी ठेवल्या, हे काशीतल्या अनेक रहस्यांपैकी एक.) नव्या यंत्रावर तू बसवून दिलेलं लिनक्स आहे, पण प्रिंटर फक्त जुन्याचंच ऐकतो. म्हणून तुझ्याकडून शिकलो की एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी प्रोग्राम घडवणारा कंपायलर बांधता येतो. राहायचं लिनक्सच्या घरात, रांधायचं डॉसच्या पंगतीसाठी. मला ही कल्पना फार आवडली. आपण तीन पिढ्या काशीत दुसरं काय केलं?

तुला आठवतं, नाशिकहून बदली होऊन आलेले रेल्वेतले शिवरामपंत? पहिल्याच दिवशी गंगेत गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि सवयीने संकल्पात म्हणाले, 'गोदावर्याः दक्षिणे तीरे'. वेणीमाधव गुरुजी पायरीवरून ओरडले, "पंत, नदी तरी बघा! गंगामैया बुरा मान जाएगी!" तेव्हा मी पंतांना पोट धरून हसलो होतो. कंपायलर बांधतानाही पहिला संकल्प तोच करावा लागतो: मी कुठे उभा आहे आणि कुणासाठी करतो आहे. लक्ष्य डॉस, असं लिहायचं. मग आधी जोडणारी अवजारं बांधायची, नंतर कंपायलर, आणि त्याला डॉसच्या लायब्रऱ्या (तिकडचं तयार सामान) कुठे ठेवल्या आहेत ते दाखवायचं.

आणि मग बांधणी सुरू होण्याआधी यंत्र प्रश्न विचारत बसतं. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस, की ते इतकं सुंदर असतं! पडद्यावर एकामागून एक ओळी सरकत जातात. अमुक आहे का? आहे. तमुक आहे का? नाही. हे चालतं का? चालतं. दुपारची वेळ, खिडकीबाहेर धुकं अजून पुरतं उठलेलं नाही, नदी आहे की नाही ते कळत नाही, नुसती एखादी नाव मधेच हवेत लटकल्यासारखी दिसते, आणि माझ्यासमोर आहे, नाही, आहे, नाही. माझे डोळे मिटले. बघतो तर तुझी आई मटार सोलत बसली आहे आणि विचारते आहे, तिकडे पोळपाट असेल ना? मी म्हणतो, आहे. जायफळ? आहे. बंबाला लाकडं? नाही. इंदूरला माहेरी जायच्या आधी आठवडाभर तिचं हेच चालायचं, आठवतं? तिकडे काय आहे आणि काय नाही ते विचारून विचारून मगच ट्रंक भरायची. आणि तिकडे पोचल्यावर कधी म्हणजे कधी काही कमी पडलं नाही. मी जागा झालो तेव्हा ओळी थांबल्या होत्या, आणि मांडीवर मटारची टरफलं नव्हती याचं मला खरोखरच नवल वाटलं.

पहिला कंपायलर बिघडला, ते तुला माहीत आहे. निमूटपणे बांधला गेला, तक्रार एक नाही. पण त्याने घडवलेला प्रोग्राम जुन्या यंत्रावर नेला की यंत्र गप्प. तू फोनवर दोन मिनिटांत सांगितलंस, "नाना, तुम्ही त्याला डॉसच्या घरचा पत्ताच दिला नाहीत. मग तो राहतो तिथल्याच, लिनक्सच्या, हेडर फायली उचलतो. सांगतही नाही." मी तुला म्हणालो, बिचाऱ्याचा काय दोष, शेजारचं जे हाताशी आलं ते त्याने घेतलं. तू म्हणालीस, दोष नाहीच, पण चूक ती चूक. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

पत्ता दिला, पुन्हा बांधला. इकडे अन्नपूर्णाकाकू दारात: "भाऊजी, हमारी लिस्ट कब मिलेगी? सासूबाईंची तिथी टळली तर त्या स्वर्गातून उतरून मला झोडतील! आणि हे काय, आज परत दूध? सकाळीच एक लिटर घेतलंत ना?" मी तिला सांगितलं की शास्त्रकारांनी क्षीराचं माहात्म्य फार वर्णिलं आहे. दोन दिवस तिने मला बासुंदी करून घातली.

आणि काल चार वाजता ते झालं. प्रोग्राम जुन्या यंत्रावर चालला, प्रिंटर विव्हळला, आणि पायरी पायरीने सगळा हिशेब कागदावर आला. सूर्य कुठे, चंद्र कुठे, अमावास्या कधी संपली, महिना कुठला. मी पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक पायरी हाताने पडताळली, लग्नात मुलीकडच्यांची खोड काढायला बसलेल्या व्याह्याप्रमाणे. शेवटची पायरी आली. मार्गशीर्ष वद्य पंचमी, शरदिनी. तीच तारीख. मी पुन्हा केलं. तीच.

वेणीमाधव गुरुजी इंदूरहून परतले होते. यंत्राच्या मूर्खपणाला साक्षीदार हवा म्हणून त्यांना हाक मारली. आले, कागद वाचला, आणि भिंतीवर टांगलेल्या पंचांगाजवळ जाऊन त्याच्या पानावर बोट ठेवलं. दूधवाल्याने फुकट दिलेलं ते इथलं, काशीचं पंचांग. पुण्याचं आपलं पंचांग यंदा मी कुठे ठेवलं, ते मला सापडत नव्हतं. त्या पानावर मार्गशीर्ष कृष्ण पंचमीभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. माझ्याच हाताचं. गुरुजींनी कागदाची घडी घातली आणि एरवी गल्ली दणाणेल असे बोलणारे ते, हळूच म्हणाले, "शास्त्रीबुवा, वहिनींची पंचमी अजून यायची आहे."

बकुळ, तुला सांगायला नको. शुद्ध पक्ष आपला आणि इथल्या लोकांचा एकच असतो, पण वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे असतो. त्यांचं मार्गशीर्ष कृष्ण म्हणजे आपलं कार्तिक वद्य. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या प्रत्येक घराला मी तीस वर्षं पहिला धडा हाच देत आलो. 'तिथी' लिहिताना तुलाही पहिलं वाक्य हेच सांगितलं होतं, आणि तू ते बरोबर लिहिलंस. तुझा प्रोग्राम कधीच चुकला नव्हता. शेजारचा महिना उचलून मी तुझ्या आईला एक महिना आधी जेवायला बोलावलं, आणि मग पंधरा दिवस यंत्रावर खापर फोडत बसलो. यादी आज सकाळी वाटून टाकली. नशिबाने पहिल्या दहा दिवसांत कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून कुणाची तिथी टळली नाही.

थट्टा इथे संपली. दूध त्या दिवशी मी खरंच दोनदा आणलं, आणि पहिलं आणल्याचं मला आठवत नव्हतं. तुझ्या फोननंतर मी आठवायचा प्रयत्न केला. दुसरं पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. फ्लॉप्या तांदळात माझ्याशिवाय ठेवणार कोण? गेल्या मंगळवारी मुन्शी घाटावरून घरी येताना पायऱ्या चढून गल्लीच्या तोंडाशी आलो आणि डावीकडे जायचं की उजवीकडे, ते मला कळेना. एक भरलेली नाव पैलतीराला जाऊन लागेपर्यंत मी तिथेच उभा होतो. मग शेंगदाणेवाल्याने हाक मारली आणि मी त्याच्याशी हसून बोललो. हे फोनवर सांगता आलं नसतं, तिथे मी विनोद केला असता. पंचमी आजपासून दहाव्या दिवशी आहे. तू ये. महिना तू वाच, मी फक्त मंत्र म्हणेन. ते अजून सगळे येतात. आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. वेणीमाधव गुरुजी येतो म्हणतात, पण मला तू हवी आहेस. मला भीती वाटते आहे, बकुळ. मी विसरायला लागलो आहे.

तुझाच,
नाना