फुलबॅकची आठवण

मल्लेश्वरम, बंगलोर
१४ सप्टेंबर १९९७, रविवार

चि. चंदना,

आशीर्वाद. डेरिकलाही. हा शब्द जावयासाठी मी पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा त्याला खुर्चीत बसवून मग सांग.

मी बरी आहे, गुडघे सोडून. पाणी एक दिवसाआड येतं. पलीकडचं बैठं घर पाडून कुणीतरी चार मजले चढवतोय आणि सकाळी सहापासून यशवंतपूरच्या बाजूने सिमेंटचे ट्रक येतात. मी मुकादमाला जाऊन झापलं. तो म्हणाला, “स्वल्प ॲडजस्ट माडी, अम्मा.” थोडं ॲडजस्ट करा म्हणे. या गावात आता कुणीही काहीही करावं आणि ॲडजस्ट समोरच्याने व्हावं, अशी पद्धत आहे.

मराठीत पत्र बघून दचकली असशील. एवढी वर्षं तुला इंग्रजीतच लिहिलं, तेही ऑफिसला लिहावं तसं. देवनागरी वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे.

तुझं पत्र मंगळवारी आलं. डाळ शिजत होती. पत्र वाचलं, गॅस बंद केला, पुन्हा वाचलं. मग जेवले. काहीच वाटलं नाही. दात काढण्याआधी डेंटिस्ट सुई देतो आणि आपलीच जीभ दुसऱ्या कुणाची असल्यासारखी तोंडात पडून राहते, तसं पाच दिवस चाललं आहे. राग यायला हवा होता, म्हणून आणून बघितला. तीनदा डोक्यावर आपटलेल्या तुझ्या मुलाला ‘ही बोटं किती’ एवढंच विचारून परत मैदानात ढकलणारा तो कसला डॉक्टर? आमच्या कॉन्व्हेंटमधली आयोडीनची बाटली घेऊन फिरणारी नन बरी, ती निदान दोन दिवस झोपवून तरी ठेवायची. पण हा रागही नीट पेटला नाही.

सत्तावीस वर्षांचा देवव्रत खेळातून रिटायर झाला, असं तू लिहितेस. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी झाले. त्याची सात वर्षं, चौऱ्याण्णव मॅचेस, आणि नावावर एकच गोल. तोही लांबून मारलेला चेंडू टप्पा खाऊन आत गेला म्हणून.

हे मला कसं माहीत, असं विचारशील. तुझी पेपरची कात्रणं मी उघडतसुद्धा नाही असं एकदा लिहिलं होतं, ते खोटं होतं. सगळी वाचली. त्याच्या खेळाबद्दलच्या पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, ‘देवव्रतने आज नऊ मार्क घेतले’, आणि मी उलट टपाली विचारलं, ‘कितीपैकी?’ तू सहा महिने उत्तर दिलं नाहीस. लाथेने आलेला चेंडू टप्पा पडायच्या आत हातात झेलला की तुमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये त्याला मार्क म्हणतात, हे मला पुढे तुझ्याच एका कात्रणावरून कळलं. तोवर टोमणा पोचला होता.

फुलबॅक म्हणजे काय तेही मग समजून घेतलं. गोलासमोरचा शेवटचा माणूस. समोरच्या संघाचा सर्वांत भारी गोल मारणारा त्याच्या वाट्याला, दिवसभर. त्याने उडी मारून झेल घ्यायच्या आत मूठ घालून चेंडू उडवून लावायचा. दिवस चांगला गेला तर पेपरात काही येत नाही. वाईट गेला तर ‘याच्यावर आठ गोल झाले’ असं येतं, नावासकट. मी सरकारी छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. हजार चुका काढल्या त्या कुणाला दिसल्या नाहीत, राहिलेली एक साहेब लाल पेन्सिलीने गोल करून टेबलावर आणून टाकायचा. म्हणजे तुझ्या मुलाचा धंदा मला तुझ्यापेक्षा बरा कळतो. तुमच्या पेपरात त्याचं नाव ‘डेव्ह’ छापतात, तेही मला खटकतं, पण ते असो.

मे महिन्यातल्या त्या मॅचबद्दल तू लिहिलंस तेही कळलं. चेंडू ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेने, मान वर करून धावत सुटायचं, समोरून कोण येतंय ते न बघता. समोरून गुडघा आला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तू लिहितेस की त्याला कालचं आठवत नाही, आणि न घडलेलं आठवतं. उदाहरण म्हणून माझंच दिलंस. तो डॉक्टरांना सांगतो, मी माझ्या आजीला भेटलोय, ती जाळीच्या दारामागे उभी होती. डॉक्टरांनी लिहून ठेवलं, बनावट आठवण, मेंदू रिकाम्या जागा भरतो. तूही मान डोलावलीस, कारण १९९३च्या डिसेंबरात तो इथे आला तेव्हा घराला कुलूप होतं आणि मी काशीला गेले होते.

चंदना, मी काशीला कधीच गेले नाही. मी, आणि काशी.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. गेट वाजलं. जाळीच्या दारापलीकडे एवढा उंच मुलगा, हातात मिठाईचा खोका. स्वतःचं नाव त्याला धड उच्चारता येत नव्हतं.

“मी देवव्रत. चंदनाचा मुलगा.”

“इथे चंदना नावाचं कुणी राहत नाही.”

“नाही मॅडम, ती मेलबर्नला असते.”

“मग तिथेच जाऊन भेटा.”

हे मी इंग्रजीत म्हणाले, नन्सनी शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. तो हसला. मी आतलं लाकडी दार लावून घेतलं.

खिडकीच्या फटीतून बघत होते. दहा मिनिटं तो तसाच उभा होता. मग खोका पायरीवर ठेवला, गेटची कडी उचलून नीट बसवली आणि गेला. संध्याकाळी शेजारची अनुसूया विचारायला आली, “अहल्याक्का, कोण होता तो खांब? पंख्यांवरची धूळ तरी पुसून घ्यायची त्याच्याकडून.” मी म्हटलं, पत्ता चुकला होता.

उंची तुझ्या वडिलांची होती, कपाळ तुझं. दार उघडलं असतं तर तुझ्या लग्नावरून पंचवीस वर्षं मी चुकत होते, हे तिथल्या तिथे कबूल करावं लागलं असतं.

तीन आठवड्यांनी तुझं पत्र आलं, ‘तू काशीला गेली होतीस म्हणे.’ हे त्याने तुला सांगितलं होतं. मी लिहिलं, हो, प्रवास बरा झाला. चार वर्षं आम्ही दोघांनी तुला फसवलं, एकमेकांशी शब्द न बोलता. मी माझ्यासाठी. तो तुझ्यासाठी, आणि कदाचित माझ्यासाठीही. आता काय झाकायचं ते त्याला आठवत नाही. काय झालं तेवढं आठवतं.

प्रुफात बरोबर शब्द चुकून खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं देऊन समासात एक लॅटिन शब्द लिहितात, ‘stet’. म्हणजे आहे तसं राहू द्या. डॉक्टरांच्या कागदावर त्या ओळीखाली टिंबं दे. हे पत्र त्यांना दाखव, आणि भाषांतर करताना मला वाचवू नकोस.

दोन महिने त्याला ठेवून घेशील का, असं तू विचारलं होतंस. उत्तर मुद्दाम शेवटी ठेवलं, म्हणजे आधीचं वाचून तुला प्रश्न परत घेता यावा. घेतलास तर मी समजेन. नाही घेतलास, तर माझ्याकडून हो आहे. पण आधी त्याला विचार, शांतपणे, तुम्ही दोघंच असताना. आणि तो नाही म्हणाला, तर तेही डोक्याचं बिघडणं समजू नका.

त्या दिवशी घरातच असलेली,
तुझी आई