नको म्हटलं तं निघूनच गेला

प्रिय राखी,

नागझिऱ्याजवळच्या ह्या डोंगरावर फोन लागत नाही, म्हणून लिहून राहिली. हे पत्र तुले देणारच नाही, तं खरं लिहायले काय जाते!

सासू-सासऱ्याले दोन दिवस आराम, म्हणून तू आमाले ह्या रिसॉर्टवर धाडलं. मले वाटलं, सुनेले घर मोकळं पायजे. जागा चांगली आहे. गाई, घोडे, मोहाची झाडं, खाली तलाव. पण माणसं अजब!

दुपारी पाटोडीचा रस्सा होता. माझं अर्धं पोट भरलं, तं वाढप्यानं विचारलं, "आजी, आणखी देऊ?" मी रीतीनं "नको" म्हटलं. तो खरंच निघून गेला! आपल्या आंधळगावात पाहुणा दोनदा नको म्हणते अन् तिसऱ्यांदा ताट पुढं करते. इथं दुसऱ्यांदा कोणी विचारतच नाही. तुझे मामाजी, म्हणजे आमचे हे, तं माझ्याहून मानाचे. त्यायनं पहिल्याच पोळीले "नको" म्हटलं. आता बाजेवर बसून बडबडून राहिले, "घोड्याले न विचारता चारा टाकतात, अन् माणसाले विचारतात!"

शेवटी तू जबरदस्तीनं पिशवीत कोंबलेला चिवडा आम्ही दोघांनी लपून खाल्ला. निघताना त्याच चिवड्यावरून मी तुह्यावर किती खेकसली होती, "नको म्हणून राहिली ना, काहून मांगं लागते?"

उद्या घरी येऊन राहिलो. तू दारातच विचारशीन, "जेवता का?" मी म्हणीन, "नाही, पोट भरलं आहे."

तू ऐकू नको.

तुझी सासू,
रत्नाबाई